एका घोटात सगळ्या गोळ्या

थायरॉईडची गोळी मी डायलिसिसच्या कितीतरी आधीपासून घेते. 75 मायक्रोग्रॅमची, पहाटे उठल्याबरोबर. पुढे किडन्या निकामी झाल्या, आठवड्यातून तीनदा मशीनवर जाणं आलं आणि घरात औषधांचं दुकानच थाटलं गेलं. फॉस्फरससाठी कॅल्शियमची, रक्तासाठी लोहाची, बीपीच्या दोन. मी पडले उरकण्याच्या स्वभावाची. सकाळी रिकाम्या पोटी सगळ्या एका घोटात गिळल्या की दिवसभराची कटकट मिटली! सूनबाई तशी डबीच भरून ठेवू लागली.

काही महिन्यांत भर उन्हाळ्यात थंडी वाजायला लागली, तोंड सुजलं, पोट साफ होईना. डायलिसिसवाल्यांचं असं व्हायचंच, म्हणून सोडून दिलं. खरी गोम इथेच आहे, दोन्ही दुखण्यांची लक्षणं सारखीच. टीएसएच 18 निघाला, म्हणजे थायरॉईड कमी पडत होतं. डोस 100 झाला, मग 125. गोळ्या कशा घेता, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

कॅल्शियम आणि लोह पोटातच थायरॉईडच्या गोळीला धरून ठेवतात, ती रक्तात पुरती उतरत नाही. फॉस्फरससाठीच्या सेव्हेलॅमर गोळीचंही तेच. शिवाय फॉस्फरसची गोळी जेवणातला फॉस्फरस पकडायला असते, ती घासाबरोबरच घ्यायची. माझ्या रिकाम्या पोटात तिला पकडायला थायरॉईडची गोळी तेवढी सापडायची. दोन्ही औषधं वाया!

मग आहारतज्ज्ञ बाईंनी कॅल्शियम जेवणात आणि लोह दुपारी घ्यायला लावलं. मी लगेच ऐकलं, पण थायरॉईडच्या डॉक्टरांना कळवलं नाही. आता 125 पूर्ण अंगी लागायला लागलं. दीडेक महिन्याने मशीनवर असताना छाती अशी धडधडली की डायलिसिस अर्ध्यात थांबवावं लागलं. टीएसएच 0.05, म्हणजे आता गोळी जास्त होत होती.

तेव्हा थायरॉईडची गोळी एकटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. कॅल्शियम, लोह तिच्यापासून चार तास लांब. नाश्त्यालाही फॉस्फरसची गोळी असेल तर वेळा डॉक्टरांकडूनच बसवून घ्या. यातल्या कशाचीही वेळ किंवा डोस बदलला की सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करा. रक्त मात्र डायलिसिस सुरू होण्याआधी द्या. मशीनवर रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन गेल्यावर फ्री टी-4 उगाच वाढलेला दिसू शकतो.

डायलिसिसला शेजारच्या खुर्चीवरचे काका एकदा तपासण्यांचं स्वस्तातलं पॅकेज करून आले. टी-3 कमी, टीएसएच व्यवस्थित. चक्क माझ्याकडे गोळी मागायला लागले! किडनी निकामी असली की टी-4 चं टी-3 करण्याचं काम शरीरात मंदावतं. ग्रंथी धड असूनही आकडा उतरतो आणि तेवढ्यावरून गोळी सुरू करत नाहीत. मी दिली नाही. काका दोन दिवस बोलले नाहीत.

माझा टीएसएच आता 3 च्या आसपास आहे, गोळी पुन्हा 75 ची. सूनबाईने डब्या दोन केल्यात. थायरॉईडची उशाशी, बाकीची जेवणाच्या टेबलावर.