वादळातही लाभणारी प्रभूची शांती

वाचन : मार्क 4:35-41, योहान 14:27, योहान 20:19-23, फिलिप्पैकरांस 4:6-7



आपल्या धर्मग्रामातील बहुतेक घरांचे घड्याळ कंपनीच्या पाळीवर चालते. कुणी पहाटे अंधारात चाकणची बस पकडतो, तर कुणी रात्रपाळी संपवून सकाळी अंथरुणाला पाठ टेकतो. एकाच घरात राहून बाप-लेकांची चार-चार दिवस भेट होत नाही. त्यात घराचा हप्ता, मुलांची फी, गावाकडे आईचे औषधपाणी. कंत्राटी कामगाराला तर हे कंत्राट संपल्यावर पुन्हा बोलावणे येईल की नाही, याचीच धास्ती असते. मग आपण मनाशी म्हणतो, “एकदा कायम झालो की शांती मिळेल. एकदा कर्ज फिटले की शांती मिळेल.”

मीही असेच म्हणत होतो. कंपनीच्या बसमध्ये मी रोज जपमाळ करीत असे. पण ओठांवर नमो मरिया आणि डोक्यात हप्त्याचा हिशेब! पाच रहस्ये संपत, बस गेटवर पोहोचे आणि मन होते तिथेच असे. पुढे हप्ते फिटले. तरी शांती आली नाही, कारण हप्त्याची जागा दुसऱ्या काळजीने घेतली. तेव्हा कळले की मी शांतीचा अर्थच चुकीचा घेतला होता.

शुभवर्तमानात पाहा. शिष्यांच्या नावेत स्वतः प्रभू येशू होता, तरी वादळ आलेच. येशूबरोबर असलेल्याला वादळ लागणार नाही, असे वचन कुठेही दिलेले नाही. लाटा नावेत शिरत असताना तो मात्र उशाशी उशी घेऊन झोपला होता, कारण त्याचा पित्यावर पूर्ण भरवसा होता. त्याने आपल्या शिष्यांना स्वतःची शांती दिली, तीही शेवटच्या भोजनाच्या रात्री. दुसऱ्या दिवशी क्रूस वाट पाहत होता. जग देते तशी ही शांती नाही, हे त्याने तेव्हाच स्पष्ट केले. जगाची शांती संकट टळल्यावर येते, प्रभूची शांती संकटाच्या आदल्या रात्रीही मिळते.

याचे एक उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावचे मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंनी उभारले. त्या कॅथलिक नव्हत्या, पण त्यांची साक्ष आपणही ऐकावी अशी आहे. दुष्काळात आई-वडील गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले. पदरात लहानगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवा धर्म मिळाल्याचा आनंद झाला, तरी मनाची तहान भागली नाही. सुमारे आठ वर्षांनी, पुण्यात शारदा सदन चालवीत असताना, त्यांना उमगले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताच्या स्वाधीन झालो नाही. ही गोष्ट त्यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत स्वतःच सांगितली आहे.

त्यानंतर त्यांची संकटे संपली का? मुळीच नाही. 1893 मध्ये धर्मांतराच्या वादातून अनेक पालकांनी आपल्या मुली सदनातून काढून नेल्या. पुढे दुष्काळ आला, प्लेग आला. रमाबाईंनी दुष्काळी भागातून शेकडो निराधार मुली-स्त्रियांना आणून सांभाळले. 1921 मध्ये मनोरमाही गेली. तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी अखेरपर्यंत चालू ठेवले. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. वादळ थांबले नाही, पण नाव बुडाली नाही.

बंधुभगिनींनो, आपला तर लहानपणीच बाप्तिस्मा झाला. पण आपण ख्रिस्ताच्या स्वाधीन झालो आहोत का? यासाठी तीन गोष्टी करता येतील.

पहिली, काळजी नाव घेऊन प्रभूला सांगणे. संत पौल तुरुंगातून लिहितो की काळजी करीत बसू नका, आभार मानून आपली मागणी देवाला कळवा. मग देवाची शांती तुमच्या मनावर पहारा करील. कंपनीच्या गेटवरचा रखवालदार आठवा. माणसे गेटपर्यंत येतच राहतात, पण तो प्रत्येकाला आत सोडत नाही. काळजीही येईल, तिला मनाची मालकीण होऊ द्यायचे नाही. आता मी जपमाळेच्या प्रत्येक रहस्याला एक काळजी जोडतो आणि ती मरियेच्या हाती देतो.

दुसरी, पापनिवेदन. पुनरुत्थित प्रभू बंद दाराआड घाबरून बसलेल्या शिष्यांमध्ये आला. त्याने शांतीचा आशीर्वाद दिला, हातांवरच्या जखमा दाखवल्या आणि लगेच पापक्षमेचा अधिकार दिला. शांती आणि क्षमा त्याने एकाच संध्याकाळी दिली. मनात दडवलेले पाप घेऊन शांती शोधणे व्यर्थ आहे.

तिसरी, समेट. मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी आपण शेजारच्याला शांतीचे चिन्ह देतो. पण जागेच्या वाटणीवरून ज्या सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे बोलणे बंद आहे, त्याच्याकडे हात कधी जाणार?

एक सावधगिरीही हवी. अन्याय मुकाट्याने सोसणे म्हणजे शांती नव्हे. हक्काचे वेतन मागावे, मन शांत ठेवून मागावे. तसेच आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर धर्मगुरूंशी बोलावे आणि डॉक्टरांनाही दाखवावे. औषध घेणे हा विश्वासाचा कमीपणा नाही.

या आठवड्याचे चिंतन

1. “अमुक झाले की शांती मिळेल” असे मी कशाबद्दल म्हणतो?
2. शेवटचे पापनिवेदन मी कधी केले?
3. येत्या रविवारच्या मिस्सापूर्वी मी कुणाला फोन करावा?

प्रार्थना

हे प्रभू येशू, माझ्या नावेत तू आहेस, हे मी लाटा पाहून विसरतो. माझी नोकरी, माझे घर, माझी मुले आणि माझे भय मी तुझ्या हाती देतो. ज्याच्यावर माझा राग आहे, त्याच्याकडे पहिले पाऊल टाकण्याचे बळ मला दे. वादळ थांबेपर्यंत तुझ्यावर भरवसा ठेवायला मला शिकव. आमेन.