ट्रॅक्टर थरथरतो? आधी कारण शोधा, मग गॅरेज गाठा



गळीत हंगामात ट्रॅक्टर थरथरू लागला, की चालक सरळ गॅरेजला जातो आणि तिथे सांगतील तो पार्ट बदलून येतो. पैसा जातो, थरथर तशीच. इकडे तोडलेला ऊस फडात वाळतो. वजन घटते, उतारा पडतो. म्हणून आम्ही सुचवितो, की आधी आपणच तपासावे.

१) ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये उभा ठेवून रेस वाढवा. जागेवरच थरथरला तर इंजिनकडे पाहा : डिझेल फिल्टर, लाईनमधली हवा, नोझल.

२) चालताना वेगाबरोबर हादरे वाढले तर चाके पाहा : फुगलेला टायर, वाकडी रिम, ढिले नट. नट ढिले असताना एकही खेप करू नका. चाक निखळले तर जीवावर बेतते.

३) स्टिअरिंग थरथरत असेल तर ट्रॉली सोडा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचे चाक जॅकवर उचला व अ‍ॅक्सलखाली ठोकळा द्या. चाक वर-खाली धरून हलवताना प्ले लागला तर बेअरिंग किंवा किंगपिन. आडवे धरून लागला तर बहुधा टाय रॉडचे जोड.

४) ट्रॉली सोडताच हादरे थांबले तर ट्रॉलीची चाके व हूक तपासा.

आता गॅरेज. जो फिटर खोलण्याआधी चालवून पाहतो, झिजलेला भाग दाखवतो, खर्च लिहून देतो, जुना पार्ट परत करतो आणि शेवटी स्वतः चक्कर मारतो, तो आपला. न बघताच "हे बदला" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

ही तपासणी मोळी पडण्यापूर्वीच उरकावी, ही विनंती.