थायरॉइड, फॅटी लिव्हर आणि वाढलेलं वजन: दिल्लीत खर्च किती आणि कशावर?

वजन शंभरीपार गेलं की घरात पहिला संशय थायरॉइडवर येतो. मग कुणीतरी मोबाइलवर ‘फुल बॉडी चेकअप’ची जाहिरात दाखवतं. ऐंशी-नव्वद तपासण्यांचा रिपोर्ट हातात पडतो. त्यात टीएसएच (थायरॉइडच्या रक्तचाचणीतला आकडा) जरा वर असतो, पाठोपाठ केलेल्या सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ निघतं आणि तिथून खर्चाला पाय फुटतात.

हा प्रश्न दिल्लीत थोड्यांचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) दिल्लीतल्या सुमारे ४१ टक्के महिला आणि ३८ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरीदाबाद सगळीकडे लॅबवाले घरी येऊन रक्त नेतात. सोय आहे, पण त्यामुळेच नको त्या तपासण्याही होतात. क्रम नीट लावला तर खासगीत पहिलं निदान साधारण चार ते आठ हजारांत होतं, सरकारी रुग्णालयात त्याहून पुष्कळ कमी लागतं. पुढे दिलेले खासगी दर अंदाजे आहेत. लॅब आणि सवलतीप्रमाणे ते बदलतात, म्हणून बुकिंगआधी विचारून घ्या.

थायरॉइड: सुरुवात एका टीएसएचने

थायरॉइड मंदावल्याने वजन वाढतं, पण सहसा दोन ते पाच किलो, आणि त्यातलाही बराच भाग अंगात साठलेल्या पाण्याचा असतो. तीस-चाळीस किलो जादा असतील तर त्याचं खापर एकट्या थायरॉइडवर फोडता येत नाही. उलटंही घडतं. तीव्र लठ्ठपणात ग्रंथी निरोगी असूनही टीएसएच थोडा वर राहतो आणि वजन उतरलं की तोही खाली येतो.

म्हणून आधी फक्त टीएसएच करा (२०० ते ४०० रुपये). तो जास्त आला तर फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ या तपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करा. टीएसएच १० च्या वर असेल तर सहसा गोळी सुरू होते. साडेचार ते दहाच्या मध्ये असेल तर बहुधा काही आठवड्यांनी पुन्हा तपासून ठरवतात. गर्भवती आणि बाळाचा विचार करणाऱ्या महिलांसाठी निकष वेगळे असतात. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर रिपोर्ट चुकतो.

गोळी लागलीच तर ती महाग नाही. लिव्होथायरॉक्सिनचा खर्च महिन्याला साधारण शंभर रुपयांच्या आसपास येतो. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने. डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी बघतात, दर पंधरा दिवसांनी बघण्यात पैसे वाया जातात. वजन उतरवण्यासाठी म्हणून ही गोळी घेऊ नका, हृदयावर बेतू शकतं.

लिव्हर: ‘ग्रेड’पेक्षा व्रण महत्त्वाचा

सोनोग्राफीतला ग्रेड चरबी किती दिसते एवढंच सांगतो. पुढे सिरोसिसचा धोका किती, हे लिव्हरमध्ये व्रण म्हणजे फायब्रोसिस किती झाला आहे त्यावर ठरतं. शिवाय पोटावर चरबीचा जाड थर असला की सोनोग्राफीचं चित्र धूसर येतं. लिव्हरच्या रक्तचाचणीतला एसजीपीटी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही.

यावर एक फुकटचं गणित आहे, त्याचं नाव फिब-४. त्यासाठी वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढंच लागतं. वय गुणिले एसजीओटी करायचं आणि त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने भागायचं. समजा वय ५०, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट दोन लाख आहेत. वर २,४०० आले, खाली २०० गुणिले ८ म्हणजे १,६००. उत्तर १.५.

आकडा १.३ च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी (६५ च्या पुढच्यांसाठी ही रेषा २). २.६७ च्या वर असेल तर लिव्हरतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नका. मधला आला, जसा या उदाहरणात, तर पुढची पायरी फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारं स्कॅन. पस्तिशीच्या आतल्यांत हे गणित तितकं भरवशाचं नाही.

पहिल्या फेरीचा हिशेब असा:

- टीएसएच: २०० ते ४०० रुपये
- लिव्हर फंक्शन टेस्ट: ५०० ते १,००० रुपये
- सीबीसी (यातच प्लेटलेट येतात): ३०० ते ४०० रुपये
- एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तपासणी): ४०० ते ६०० रुपये
- लिपिड प्रोफाइल: ६०० ते १,००० रुपये
- पोटाची सोनोग्राफी: १,००० ते २,५०० रुपये
- खासगी तज्ज्ञाची फी: १,००० ते २,००० रुपये

फायब्रोस्कॅनला खासगीत साधारण २,५०० ते ६,००० रुपये पडतात. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: “तुमच्याकडे एक्सएल प्रोब आहे का?” जास्त वजनाच्या रुग्णाला नेहमीच्या प्रोबने नीट मोजमाप मिळत नाही आणि रिपोर्टवर ‘अनरिलायबल’ असा शेरा येऊ शकतो. तपासणीआधी किमान तीन तास उपाशी राहा. आकडा ८ किलोपास्कलच्या खाली असेल तर सहसा बायोप्सीची गरज पडत नाही.

कमी पैशांत कुठे?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. त्यामुळे जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रापासून सुरुवात करायला हरकत नाही. एम्सने २०२२ मध्ये ३०० रुपयांपर्यंतच्या तपासण्यांचं शुल्क काढून टाकलं आणि त्याच वर्षी ओपीडी कार्डाचे १० रुपयेही बंद केले. अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळते, पण तारीख लांबची पडू शकते. सफदरजंग, राम मनोहर लोहिया आणि जी. बी. पंत ही रुग्णालयंही आहेत.

लिव्हरचा प्रश्न गंभीर असेल तर वसंत कुंजमधली आयएलबीएस ही दिल्ली सरकारची स्वायत्त संस्था खास त्यासाठीच आहे. तिथे शुल्क लागतं, त्यामुळे सवलतीसाठी कोणती कागदपत्रं हवीत ते आधी विचारा. दिल्लीत सवलतीच्या सरकारी जमिनीवर उभ्या असलेल्या खासगी रुग्णालयांना १० टक्के खाटा आणि २५ टक्के ओपीडी दुर्बल घटकांसाठी मोफत ठेवावी लागते. उत्पन्नाचा दाखला असेल तर हा हक्क मागून घ्या.

इंजेक्शनं: महिन्याचा हप्ता समजूनच सुरू करा

वजन उतरवण्यासाठीचं माउंजारो हे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा अडीच मिलिग्रॅमची कुपी ३,५०० आणि पाच मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला १४,००० ते १७,५०० रुपये. वेगोव्ही हे दुसरं इंजेक्शन त्याच वर्षी जूनमध्ये महिन्याला १७,३४५ रुपयांपासून आलं आणि नोव्हेंबरमध्ये सुरुवातीच्या डोसचा महिन्याचा दर १०,८५० रुपयांवर उतरला. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत भारतात मार्च २०२६ पर्यंतच होती. म्हणून भारतीय कंपन्यांचा पर्याय आणि त्याचा दर जरूर विचारा.

ही इंजेक्शनं बंद केली की बऱ्याच जणांचं वजन परत चढतं, तेव्हा खर्चाचा विचार वर्षाच्या हिशेबाने करा. स्वतःला किंवा घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर ती घेऊ नयेत. साधा हायपोथायरॉइड असेल तर सहसा अडचण नसते, मात्र वजन उतरत जाईल तसा थायरॉइडच्या गोळीचा डोस पुन्हा बघावा लागतो.

‘लिव्हर टॉनिक’च्या बाटल्यांवर पैसे घालू नका. फॅटी लिव्हरच्या भीतीने कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळीही आपणहून थांबवू नका.

शस्त्रक्रिया आणि विमा

बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेला दिल्ली परिसरात खासगीत साधारण तीन ते सहा लाख लागतात. एम्समध्येही ती होते. पॅकेजमध्ये स्टेपलर, आयसीयू, आधीची एंडोस्कोपी आणि आहारतज्ज्ञ धरले आहेत का, हे लेखी घ्या. लिव्हर आकाराने कमी व्हावं म्हणून शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात. नंतर बी-१२, लोह, कॅल्शियम कायम घ्यावं लागतं, त्याचा महिन्याचा खर्चही धरा.

विमा नियामकाच्या नियमानुसार बीएमआय ४० च्या वर असेल तर या शस्त्रक्रियेचा दावा बसू शकतो. ३५ च्या वर असेल तर हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काही सोबत असावं लागतं. फॅटी लिव्हर आणि थायरॉइड या यादीत नाहीत. वजन उतरवण्याचे साधे उपाय करून झाल्याचा पुरावाही मागतात, म्हणून डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. नवी पॉलिसी घेताना थायरॉइड लपवू नका. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, लपवल्यास मात्र दावाच नाकारला जाऊ शकतो. जुन्या करपद्धतीत असाल तर प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत आरोग्य विम्याच्या वजावटीत दाखवता येतात.

डोळे पिवळे होणं, पोटात पाणी साठणं, काळी शौच, रक्ताची उलटी, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही दिसलं तर हा सगळा क्रम बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा. बाकीच्यांनी पॅकेजवर जाणारे पैसे चांगला डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्यासाठी ठेवावेत. १२० किलोच्या माणसाचे सहा किलो उतरले तरी लिव्हरमधली चरबी कमी होऊ लागते. बारा किलो उतरले तर व्रणही भरून येण्याची शक्यता असते. आजघडीला बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही टॉनिकला एवढं साधलेलं नाही.