सुईवरचा आकडा

मुंबईत थंडी ती किती? इथे लोकरीचे काय काम? असे पुष्कळजण म्हणतात. पण २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. दरसाल एवढी थंडी पडत नाही. तरी पौषातल्या पहाटे बोरिवली-मुलुंडकडे, डोंगराच्या कडेला, गारठा झोंबतोच. मोठी माणसे तो सोसतात. तान्ह्या बाळाचे तसे नाही. त्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे. तिथून ऊब लवकर निघून जाते. म्हणून गारठ्यात बाळाला टोपडे हवे.

टोपडे दोन सुयांवर विणतात. शिवणाच्या सुईला नेढे असते. विणायच्या सुईला ते नसते. तिचे एक टोक निमुळते आणि दुसऱ्या टोकाला बोंड. बोंडामुळे टाके गळत नाहीत. पायमोजे मात्र गोल विणतात. त्याला दोन्ही टोके निमुळती असलेल्या चार-पाच सुया लागतात.

आता सुईचे बोंड पाहा. त्यावर बहुधा इंग्रजी आकडा असतो. तो वाचायला शिका. जुन्या पद्धतीत नंबर मोठा, तर सुई बारीक. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड. १० नंबरची सव्वातीन मिलिमीटर. काही सुयांवर मिलिमीटरच लिहितात. तिथे आकडा मोठा, तर सुई जाड. म्हणून दुकानात विचारा, "हा नंबर, की मिलिमीटर?"

आकडा चुकला तर काय होते? समजा, जाड सुईवर १० सेंटिमीटरांत २० टाके बसले. मग ६० टाक्यांचे टोपडे ३० सेंटिमीटर घेराचे होईल. पुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोके सुमारे ३४ सेंटिमीटर असते. वीण ताणते, म्हणून टोपडे नीट बसेल. आता बारीक सुई घेतली. १० सेंटिमीटरांत २५ टाके बसले. तेच ६० टाके २४ सेंटिमीटरच भरतील! टोपडे डोक्यात शिरणार नाही. सगळे उसवावे लागेल. विकायचे काम असेल, तर दिवसाची कमाई बुडेल.

शिवाय कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. म्हणून आधी वीतभर नमुना विणा. पट्टी लावा. टाके मोजा. मगच टोपडे सुरू करा.

टोपड्याला लांब बंद लावू नका. गळ्याला फास बसेल. काम झाले की सुया उंचावर ठेवा.

सांगा पाहू : १० सेंटिमीटरांत २४ टाके बसले, तर ३० सेंटिमीटरांना किती टाके घालाल?