फुलांचा क्रम

१८९८ च्या प्लेगनंतर बंगळूरच्या दाट पेठांतील अनेक कुटुंबे मोकळ्या मल्लेश्वरमात राहावयास गेली. तेथील संपिगे रस्ता सोनचाफ्याच्या नावाचा, तर मार्गोसा रस्ता कडुनिंबाच्या.

घरच्या बागेस व्यक्तित्व येते ते रोपांच्या संख्येने नव्हे, तर फुलण्याच्या क्रमाने. बडोदे संस्थानात काम केल्यावर १९०८ मध्ये लालबागेचे प्रमुख झालेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बीगल यांनी बंगळूरच्या रस्त्यांकडेची झाडे याच विचाराने निवडली. एकाचा बहर ओसरावा, तोच दुसऱ्याचा सुरू व्हावा.

अंगणातही हे साधते. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळा सरता सरता पारिजातक, थंडीत शेवंती. शेवंतीस कळ्या धरण्यासाठी लांब, अंधाऱ्या रात्री लागतात. रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली ती नुसती पालवते, आणि दोष बिचाऱ्या खताला दिला जातो! पारिजातकाची फुले रात्री उमलून पहाटे गळतात; म्हणून तो जाण्यायेण्याच्या वाटेलगत, परंतु फुलांचा सडा मातीवर पडेल असा लावावा. सोनचाफ्याचा मात्र मोठा वृक्ष होतो. बियांपासून वाढविलेले झाड फुलावयास कित्येक वर्षे घेते. लहान अंगणात कलमी रोपच लावावे, आणि तेही भिंतीपासून दूर.