समक्ष भेट
वाचन : 2 योहान 12, योहान 1:14



लिहिण्यासारखे पुष्कळ असूनही योहानाला कागद-शाई पुरेशी वाटली नाही. समक्ष भेटून बोलावे, म्हणजे आनंद पूर्ण होईल, अशी त्याची आशा होती.

धानोऱ्यात ऊसतोडीहून परतलेल्या एका बहिणीला मी फोन केला. "बरं आहे," एवढेच ती म्हणाली. घरी गेलो, तर दीड वर्षाचे बाळ निपचित पडलेले. दंडाचा घेर मोजला, 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे अतितीव्र कुपोषण. त्याच दिवशी बाळाला दवाखान्यात नेले.

देवानेही केवळ निरोप पाठवला नाही. शब्द देही होऊन आपल्यात राहिला.

तुमच्या मंडळीत सध्या कोण दिसत नाही? या आठवड्यात फोनवर थांबू नका, त्यांच्या दारी जा.