परसातील कोंबडी : जातीची निवड आणि स्वभावाचा विचार
(कुंभकोणम परिसराच्या संदर्भात)

परसातील कोंबडीपालनाविषयी मार्गदर्शन करताना आपण सहसा दोनच आकडे सांगतो : वर्षाला अंडी किती आणि वजन किती. पक्षी पाळणाऱ्या कुटुंबाला मात्र रोजचा संबंध येतो तो पक्ष्याच्या स्वभावाशी. मुलांच्या अंगावर धावून जाणारा कोंबडा, दुबळ्या सोबतिणीला टोचून रक्तबंबाळ करणाऱ्या कोंबड्या, अंड्यांवर दहा दिवस बसून अकराव्या दिवशी उठून जाणारी खुडूक, मुंगूस दिसले तरी जागची न हलणारी तलंग, या सर्व तक्रारी मुळात स्वभावाच्या आहेत. दहा-पंधरा पक्ष्यांच्या कळपात अशा एका दोषामुळे वर्षभराचे उत्पन्न बुडू शकते. प्रस्तुत लेखक कीटकशास्त्राचा अभ्यासक आहे, पक्षिसंवर्धनाचा नव्हे. तरीही परसातील किडींचा विचार करताना कोंबडीचा विचार टाळता येत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधले गाव. व्यंकोजी राजांच्या काळापासून तंजावर भागात स्थिरावलेल्या मराठी भाषक कुटुंबांना हा मुलूख परका नाही. कोकणातील वाचकांनाही तो ओळखीचा वाटेल : भातशेती, नारळ, केळी, घरामागे लांबट अरुंद परसू आणि त्यात विहीर. फरक पावसाचा. येथील मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. घरे एकमेकांना खेटून असल्याने परसांमधील अंतर थोडे, आणि शेजाऱ्याचा कोंबडा आपल्या कोंबड्याला दिवसभर दिसत राहतो. स्वभावाच्या दृष्टीने ही बाब लहान नाही.

तमिळनाडूत गावठी पक्ष्यांचे दोन ढोबळ प्रकार लोक ओळखतात : मोठ्या चणीचा ‘पेरुविडै’ आणि लहान चणीचा ‘सिरुविडै’. पेरुविडै हा असील वळणाचा पक्षी होय. उंच, ताठ मानेचा, घट्ट पिसांचा आणि झुंजीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला. ‘असील’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थच अस्सल, शुद्ध कुळीचा. त्याच्या भांडखोरपणाविषयी एवढे बोलले जाते की एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते : असील भांडतो तो प्रामुख्याने स्वतःच्या जातभाईंशी. हाताळणाऱ्या माणसाशी तो बहुधा शांत असतो, कारण उचलताच चोच मारणारा पक्षी झुंजीच्या शौकिनांनाही नको होता. म्हणजेच निर्भयता, आक्रमकता आणि माणसाळलेपण हे तीन वेगवेगळे गुण आहेत. ‘स्वभाव’ या एका शब्दात ते कोंबले की निवड चुकते.

असीलची मादी परसात फार मोलाची ठरते. ती चिवटपणे २१ दिवस अंड्यांवर बसते आणि पिल्लांसाठी घारीवरही झेप घेते. अंडी मात्र थोडी देते. नरांची अडचण अशी की काही आठवड्यांची पिल्लेच आपसांत झुंजू लागतात आणि वयात आलेले दोन नर एका परसात नांदत नाहीत. ज्यांना झुंजीचा शौक आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्यांच्या व पक्ष्यांच्या झुंजी लावणे हा गुन्हा आहे.

सिरुविडै पक्षी चपळ, सावध, झाडावर मुक्काम करणारा. तो माणसाच्या हाती सहज लागत नाही, म्हणून त्याला ‘बुजरा’ म्हणून नावे ठेवली जातात. वस्तुतः घार, शिक्रा, मुंगूस आणि भटकी कुत्री असलेल्या परसात हा बुजरेपणाच त्याला तारतो.

सुधारित जातींत हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती सर्वत्र परिचित आहेत. चेन्नईजवळच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने नंदनम मालिकेतील पक्षी दिले आहेत. वनराजा अंगाने भरदार, रंगीत आणि स्वभावाने सौम्य. परसातील व्यवस्थेत वर्षाला साधारणपणे १०० ते ११० अंडी मिळतात. मुले असलेल्या घरात तो चांगला. परंतु जड पक्षी पळण्यात मंद असतो, आणि सौम्यपणाची किंमत शिकारी प्राणी वसूल करतात. अंगाने हलकी असलेली ग्रामप्रिया अंड्यांसाठी अधिक उपयुक्त, वर्षाला १६० ते १८०. या जातींत खुडूक होण्याची प्रवृत्ती जवळजवळ नाही. ज्यांना स्वतःच पिल्ले काढायची आहेत त्यांनी दोन-तीन गावठी किंवा असील माद्या दाई म्हणून ठेवाव्यात आणि इतरांची अंडी त्यांच्याखाली बसवावीत. कडकनाथाची मागणी दक्षिणेतही वाढली आहे. त्याची मादीही अंड्यांवर नीट बसत नाही, हे घेण्यापूर्वी माहीत असावे.

कळपात चोचींचा क्रम असतो, हे नॉर्वेचे शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले. कोण कोणाला टोचणार हे एकदा ठरले की भांडणे थांबतात. वारंवार नवा पक्षी आणून सोडला तर तो क्रम दरवेळी मोडतो आणि दोष मात्र जातीला लागतो. स्वभाव आनुवंशिक आहे काय, या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्युर यांनी १९९० च्या दशकात दिले. त्यांनी एकेकटी उत्तम कोंबडी न निवडता, एका पिंजऱ्यात एकत्र राहून चांगले उत्पादन देणारी सबंध कुटुंबे निवडली. चोची न छाटता ठेवलेल्या त्या पक्ष्यांतील मरतुक दुसऱ्या पिढीतील ६८ टक्क्यांवरून दोनच पिढ्यांत ९ टक्क्यांच्या खाली आली. परसातील पालकाने यातून घेण्यासारखे एवढेच : पैदाशीसाठी अंडी घेताना सर्वांत दांडगा कोंबडा पाहू नये, ज्या कळपात पाठीची पिसे शाबूत आहेत तो कळप पाहावा.

पक्षी विकत घेताना भित्रेपणाची साधी परीक्षा करता येते. पक्ष्याला हळुवार उताणे ठेवून छातीवर हात दहा-पंधरा सेकंद टेकवावा व मग काढून घ्यावा. पक्षी काही काळ निश्चल पडून राहतो. तो जितका वेळ पडून राहील तितकी त्याची भीती अधिक. काही क्षणांत उठणारा पक्षी परसातील वर्दळीला लवकर सरावतो. तुलना एकाच वयाच्या पक्ष्यांत आणि दिवसाच्या एकाच वेळी करावी, अन्यथा तिला अर्थ नाही.

आता कीटकांकडे. खताच्या खड्ड्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात आणि त्याचे प्रौढ नारळाच्या कोवळ्या सुईत शिरून झाडाचे नुकसान करतात. खत उलटताना कोंबड्या सोडल्यास त्या अळ्या वेचून खातात. या कामात धीट आणि उकरण्याची हौस असलेली गावठी कोंबडी जड सुधारित पक्ष्यापेक्षा सरस ठरते. पिल्लांसाठी मडक्यात शेण, पेंढा आणि जुने गोणपाट भरून ते ओलसर जागी रात्रभर पालथे ठेवण्याची व सकाळी जमलेली वाळवी खाऊ घालण्याची दक्षिणेतील जुनी रीत आजही उपयोगी आहे. मात्र दाणेदार कीटकनाशक टाकलेल्या भातखाचरात किंवा औषध चोळलेले बी पेरलेल्या जागी कोंबड्या जाऊ देऊ नयेत. ते कण धान्य समजून टिपले जातात आणि पक्षी तासाभरात मरू शकतो.

स्वभावाविषयीच्या तक्रारींपैकी काहींचे मूळ जातीत नसून पिसांत आणि खुराड्यात असते, हे मला विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. लाल कोळी दिवसा फळ्यांच्या भेगांत दडतो आणि रात्री रक्त शोषतो. उष्ण हवेत त्याची पिढी आठवड्याभरात पूर्ण होते. एका जागी तीन आठवडे बसून राहणारी खुडूक त्याला आयतीच मिळते. अशी मादी बेचैन होऊन अंडी सोडते, आणि ‘ही जात नीट बसत नाही’ असा शिक्का बसतो. उवांचे सारे आयुष्य पक्ष्याच्या अंगावरच जाते. त्यांच्या खाजेने पक्षी पिसे उपटतो, उघड्या कातडीवर इतर कोंबड्या चोच मारतात आणि कळप ‘भांडखोर’ ठरतो. कोंबडी विकण्यापूर्वी रात्री बॅटरी घेऊन बसण्याच्या दांड्याची खालची बाजू पाहावी आणि भेगेवरून पांढरा कागद दाबून फिरवावा. लाल डाग उमटले तर दोष कोळ्याचा आहे. गुदद्वाराजवळची आणि पंखांखालची पिसे उलटून मुळाशी चिकटलेली उवांची अंडी पाहावीत. भेगा खरवडून चुना लावणे, दांडे उन्हात तापवणे आणि कोरडी माती व राख यांचे धूळस्नान उपलब्ध करणे, एवढ्याने बराच फरक पडतो. पक्ष्याच्या अंगावर कीटकनाशक वापरायचे असल्यास पशुवैद्यकाला विचारूनच वापरावे. शेतातील उरलेले औषध मुळीच नको. कुंभकोणमकरांना ओरत्तनाडू येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळचे आहे.

एकूण निवड करताना माझा कल असा : परसू बंदिस्त असेल आणि घरात लहान मुले असतील तर ग्रामप्रिया किंवा वनराजाच्या आठ-दहा माद्या घ्याव्यात. अंडी केवळ खाण्यासाठी हवी असतील तर कोंबडा ठेवूच नये; त्याच्यावाचून अंडी मिळतात आणि पहाटेच्या बांगेवरून शेजाऱ्यांशी वादही होत नाही. परसू उघडे, कुत्री व मुंगसे फिरणारी असेल तर सिरुविडै बरी. पिल्ले वाढवून विकायची असतील तर दोन असील माद्या आणि एकच शांत नर. माणसावर दोनदा धावून गेलेला नर पैदाशीस ठेवू नये, तो कितीही देखणा असो. त्याच्या नख्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर पोहोचतात.

खरेदी पाऊस ओसरल्यावर, जानेवारीत करावी. डेल्टातील ओल्या डिसेंबरात खुराडे दमट राहते आणि पिल्ले दगावतात. सहा आठवडे ऊब व संरक्षण देऊन, मरीची लस वेळेवर टोचून मगच त्यांना मोकळे सोडावे. नवे पक्षी जुन्या कळपात मिसळताना आठवडाभर मध्ये जाळी ठेवावी, म्हणजे ओळख चोच न लागता होते.